आईला रेंज नाही

‘ताई, ख्रिस्तात सलाम.

मी पुण्यात आयटीत आहे, वय ४६. आम्ही मूळचे नगरचे. २०२० च्या लॉकडाउनमध्ये मी आमच्या घरची रविवारची प्रार्थना झूमवर सुरू केली. नगरहून आई, दुबईहून धाकटा भाऊ, टोरांटोहून बहीण आणि आम्ही चौघं. रात्री साडेआठला. आई ७७ वर्षांची आहे, निवृत्त शिक्षिका. बाबा गेल्यापासून एकटीच राहते, पण मोबाइल छान वापरते. रोज पहाटे साडेपाचला आम्हा सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर बायबलमधलं वचन पाठवते.

फुकटच्या झूमवर ४० मिनिटंच मिळतात, म्हणून मी वेळापत्रक केलं. गीत, शास्त्रभाग, प्रत्येकाची दोन-दोन मिनिटं प्रार्थना, शेवटी प्रभूची प्रार्थना. आता मात्र सगळं थंडावलंय. मुलगी बारावीत, मुलगा दहावीत. दोघं कॅमेरा बंद करून आपापल्या खोलीत काय करतात देव जाणे. भाऊ गाडी चालवता चालवता जॉइन होतो. आई फार लांबण लावते, १५-२० मिनिटं. डाव्या कानानं तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे “आई, आटप” म्हटलेलंही पोचत नाही. दोनदा नाइलाजानं म्यूट करावं लागलं. तिला कळलं नाही, ती बोलतच होती. व्यर्थ बडबड करू नका असं प्रभूनंही सांगितलंच आहे. गेले तीन रविवार तर तिला रेंजच नाही.

पैसे भरून झूम घ्यावं, गूगल मीटवर जावं, की हे बंदच करावं? आणि मुलांना प्रार्थनेची गोडी कशी लावू?’

*

रेंज आहे हो. रोज पहाटे साडेपाचला वचन पोचतं ना तुम्हाला? मग रविवारी रात्री साडेआठलाच नगरची रेंज कुठे जाते?

तुम्ही झूमचं विचारलंत, मुलांचं विचारलंत, भावाच्या गाडीबद्दलही कुरकुर केलीत. आईबद्दल काहीच विचारलं नाहीत. ती तुमच्या पत्रात अडचण म्हणून येते आणि जाते. ‘दोनदा नाइलाजानं म्यूट करावं लागलं.’ करावं लागलं! जसं काही ते बटण स्वतःच येऊन तुमच्या बोटाखाली बसलं.

‘तिला कळलं नाही’ हे तुम्हाला कोणी सांगितलं? तुम्ही आयटीतले, तुम्हाला मी काय सांगावं. पण होस्टनं आवाज बंद केला की समोरच्याच्या स्क्रीनवर तसा मेसेज येतो. त्यानंतरही माणूस बोलत राहिला, तर तुमचा आवाज बंद आहे म्हणून झूम आठवण करून देतं. तुमची आई शिक्षिका होती. आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासलेल्या बाईला स्क्रीनवरची एक ओळ वाचता येत नसेल, असं तुम्हाला खरंच वाटतं?

मला वाटतं, तिनं ती वाचली. पहिल्यांदा वाटलं असेल, आपल्याच हातून काहीतरी दाबलं गेलं. दुसऱ्यांदा नसेल वाटलं. आणि तरी ती बोलत राहिली, कारण ती तुमच्याशी बोलत नव्हती. जिच्याकडून तुम्ही डोळे मिटायला शिकलात, ती बाई प्रार्थना अर्ध्यावर सोडून ‘हॅलो, हॅलो’ करणार नाही. तिनं आमेनपर्यंत नेली असणार. मग टॅब बंद केला असेल, जेवणाचं ताट धुतलं असेल आणि पुढच्या रविवारपासून तिची रेंज गेली.

बायबलातल्या पहिल्या शमुवेलाचा पहिला अध्याय काढा. शिलोच्या मंदिरात मूल नसलेली हन्ना प्रार्थना करते आहे. तिचे ओठ हलताहेत, आवाज ऐकू येत नाही. एली याजक दाराच्या खांबापाशी आसनावर बसून तिच्या तोंडाकडे बघतो आणि ठरवून टाकतो की ही बाई प्यायलेली आहे. रविवारच्या शब्बाथ शाळेत ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. बहुतेक वेळा आपण हन्नाच्या बाजूनं ऐकतो, तिला शमुवेल झाला म्हणून आनंद मानतो. तुम्ही या वेळी एलीच्या आसनावर बसून वाचा. ओठ हलताहेत, आवाज येत नाही, आणि वर बसलेला माणूस घड्याळ बघतोय. फरक इतकाच की हन्नाचा आवाज एलीनं बंद केला नव्हता.

व्यर्थ बडबडीचं वचन तुम्ही बरोबर सांगितलंत, मत्तयाचा सहावा अध्याय. त्याच्याच आदल्या वचनात प्रभू म्हणतो की खोलीत जा आणि दार लावून घे. दार आपलं लावायचं असतं, दुसऱ्याचं तोंड नव्हे. आणि लूकच्या सहाव्या अध्यायात तोच प्रभू डोंगरावर जाऊन अख्खी रात्र प्रार्थना करतो. तुमच्या वेळापत्रकात तो बसला नसता. इस्राएल लोकांना रानात ४० वर्षं मिळाली, तुम्ही आईला ४० मिनिटांतली दोन देऊ केलीत.

चिडले आहे मी, ते तुम्हाला दिसत असेलच. कारण सांगते.

माझी आजी नेवाशाकडची. संध्याकाळी कंदील लागला की चूल मंद करून प्रार्थनेला बसायची, आणि तिची प्रार्थना संपेपर्यंत भाकरी गार व्हायची. आधी चर्चचे पाळकसाहेब, मग सरकार, मग पाऊस. मग वाडीतलं कोण आजारी, कोणाची म्हैस आटली, कोणाची सून माहेरी जाऊन बसली. आजोबांचं नाव ती कधी घ्यायची नाही, देवापुढेही नाही. ‘या घरधन्याला सांभाळ’ म्हणायची, देवाला कळायचं. मग आम्ही सात नातवंडं, वयाच्या क्रमानं. मी पाचवी. चौघांची नावं होईपर्यंत मी एक डोळा किलकिला करून वाट बघत असायची. एकदा माझा नंबर आला आणि आजी म्हणाली, ‘प्रभू, ह्या पोरीला खोटं बोलायची सवय लागलीय, तूच बघ.’ सगळ्यांसमोर! मला वाटलं होतं, गुळाचा खडा कोणी घेतला ते घरात कोणालाच ठाऊक नाही.

आम्हाला कंटाळा यायचा. भयंकर यायचा. पायाला मुंग्या यायच्या, मधला भाऊ तर आमेनच्या आधी घोरायला लागायचा. पण त्या घरात कोणाचं काय चाललंय हे मला आजीच्या प्रार्थनेतून कळलं. आई गरोदर आहे हे तिथंच कळलं. काकाची नोकरी गेली, तेही तिथंच. घरात कोणी बसून सांगितलं नाही. आजीनं देवाला सांगितलं, आम्ही ऐकलं. आता कुटुंबाचा ग्रुप आहे, त्यात हात जोडलेलं चित्र टाकलं की झालं. कोणासाठी जोडले आहेत ते विचारायचं नसतं.

शिवाय आजीच्या पिढीच्या बाईला चारचौघांत तोंड उघडून सलग बोलायला मिळायचं कुठे? मंडळीत उपदेश पाळकसाहेबांचा, घरात शब्द आजोबांचा. प्रार्थनेच्या मध्ये मात्र कोणी तिला ‘तू गप बस’ म्हणत नसे. १९०५ साली पुणे जिल्ह्यातल्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, मुली एकाच वेळी मोठमोठ्यानं प्रार्थना करू लागल्या. एक आवाज दुसऱ्यात मिसळलेला, कोणाचे शब्द कोणाचे ते कळू नये असा. पुष्कळांना तो गोंधळ वाटला, तशी टीकाही झाली. रमाबाईंनी त्या मुलींना गप्प केलं नाही. त्यांतल्या कितीतरी जणी दुष्काळातून उचलून आणलेल्या होत्या, कितीतरी विधवा होत्या. जिचं कोणी कधी ऐकलंच नाही, ती बोलायला लागली की लांबणारच. तुमची आई शाळेत ३०-४० पोरांसमोर बोललेली बाई, तिची गोष्ट वेगळी, हे मला मान्य. पण बाबा गेल्यापासून ती त्या घरात कोणाशी बोलते? सोमवार ते शनिवार? हिशेब करा. आठवड्याचे शब्द साठतात, रविवारी साडेआठला बाहेर येतात, १५-२० मिनिटांत. फार नाहीत.

तुम्ही होस्ट आहात, हे तुम्हाला मनापासून आवडतं असा मला संशय आहे. बाबांच्या नंतर घरची प्रार्थना कोण चालवणार, तर थोरला. ठीक. पण बाबाही तिला असं मध्येच तोडत होते का हो?

मुलांचं. तुम्ही विचारता, गोडी कशी लावू. ती पोरं कॅमेरा बंद करून बसली होती, पण त्यांना ऐकू येत होतं. आजी त्यांच्यासाठी काहीतरी मागत असताना, कदाचित बारावीच्या फिजिक्सचं किंवा दहावीच्या गणिताचं नाव घेऊन मागत असताना, मध्येच आवाज तुटला. तोडला कोणी, हेही त्यांना कळलं. आता ती प्रार्थनेत स्वतःला म्यूट करतात. शिकवलंत ते शिकली.

झूमला पैसे भरायचे की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. मीटवर ६० मिनिटं मिळतात म्हणे. भावाला गाडी चालवताना जॉइन होऊ देऊ नका, एवढं मात्र आजच सांगा. डोळे मिटले तर पंचाईत, उघडे ठेवले तर प्रार्थना कसली.

येत्या शनिवारी नगरला जा. दोन्ही मुलांना घेऊन. क्लास आहे म्हणतील, असू दे. पुण्याहून १२० किलोमीटर, वाघोलीची कोंडी धरून चार तास लागले तरी जेवणाआधी पोचाल. ‘सरप्राइज’ वगैरे नको, आधी फोन करून सरळ सांगा की येतोय, म्हणजे ती मटणाचं बघेल आणि तिचा शनिवार त्यात जाईल. रविवारी सकाळी तिच्याबरोबर उपासनेला जा, तिच्या नेहमीच्या बाकावर बसा. दुपारी ती भांडी विसळत असेल तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन तिला सांगा, ‘आई, मी तुझा आवाज बंद केला होता. दोनदा.’ एवढंच. त्यापुढे ‘पण’ आला तर वाक्य तिथंच गिळा. वेळेचं, ४० मिनिटांचं, बाकीच्यांच्या सोयीचं काहीही सांगू नका. ती म्हणेल, ‘अरे, मला कळलंच नाही.’ खोटं बोलेल ती, तुमच्यासाठी. बोलू द्या.

साडेआठला लिंक पाठवू नका. दुबई आणि टोरांटो एक रविवार थांबतील. उपासना संगीताचं पुस्तक काढा. घरात असेलच, पान सुटलेलं, दोऱ्यानं शिवलेलं. फोनवर शब्द शोधायचे नाहीत. गीत तिला निवडू द्या, सूर चुकला तर चुकू द्या. मग म्हणा, ‘आई, तू प्रार्थना कर.’ आणि डोळे मिटा. घड्याळ दुसऱ्या खोलीत. मुलगा चुळबुळ करेल, करू दे. त्याच्या नावापर्यंत ती पोचेल तेव्हा तो थांबेल. तुमच्याबद्दल ती काहीतरी मागेल, जे तुम्ही तिला कधी सांगितलेलं नाही, आणि तिला कसं कळलं असा प्रश्न तुम्हाला पडेल.

तिच्या उजव्या बाजूला बसा. आमेन मोठ्यानं म्हणा. डाव्या कानानं कमी ऐकू येतं, तुम्हीच लिहिलंय.