हंगाम, मोसम आणि मॉन्ट्रियलचे कुणबी

प्रश्न असा आला आहे: कॅनडातल्या मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या आइस हॉकी संघाच्या १९७६-७७ च्या 'सीझन'वर मराठीत लेख लिहायचा आहे. 'सीझन'ला हंगाम म्हणावं, मोसम म्हणावं की सत्र? आणि या संघाला लाडाने 'हॅब्स' म्हणतात, त्याचं 'रहिवासी' असं भाषांतर चालेल का?

पहिल्याचं उत्तर हंगाम. दुसऱ्याचं उत्तर, अजिबात चालणार नाही.

आधी मोसम. 'आज मोसम काय मस्त आहे ना!' हे वाक्य मालिकांतून, रेडिओवरून आणि आता शेजारच्या मुलांच्या तोंडूनही ऐकून कान किटले आहेत. मस्त असते ती हवा. मराठीत हवा आहे, हवामान आहे, ढगाळ आहे, उघडीप आहे, मळभ आहे, आणि एवढं सगळं घरात असताना हिंदी मौसम उसना आणून मोसमाच्या गळ्यात बांधायचं काही कारण नाही. मोसम म्हणजे काळ. मूळ अरबी शब्द 'मौसिम', त्यातला धातू 'खूण करणे' या अर्थाचा. खूण करून ठेवलेला, ठरलेला काळ: जत्रेचा, यात्रेचा, गलबतं हाकारण्याचा. अरबी समुद्रातल्या खलाशांकडून तो पोर्तुगिजांनी उचलला, त्यांच्याकडून इंग्रजीत जाऊन त्याचा 'मान्सून' झाला. म्हणून आपले 'मोसमी वारे' हा अगदी नेमका शब्द आहे, ठरलेल्या काळी येणारे वारे. (मोसंबीचा मात्र मोसमाशी काही संबंध नाही. ती मोझांबिकवरून आली.)

तेव्हा खेळाच्या बातम्यांत मोसम लिहिणारे चुकत नव्हते. पण आज त्या शब्दात हवामान इतकं मिसळलं आहे की 'मॉन्ट्रियलचा मोसम' वाचल्यावर वाचकाला तिथली थंडीच आठवेल.

सत्र सुचवणाऱ्यांशी माझं भांडण जरा जुनं आहे. शुद्ध संस्कृत म्हणून ते हा शब्द पुढे करतात, पण संस्कृतात त्याचा अर्थ काय, ते पाहत नाहीत. 'सत्त्र' हा 'सद्' म्हणजे बसणे या धातूवरून आला. अनेक दिवस चालणारा सोमयाग, ज्यात ऋत्विज बसून असत. लॅटिनमधला बसण्याचा धातू याचाच भाऊ, त्यावरून इंग्रजी 'सेशन' आलं. म्हणून न्यायालयाचं सत्र, विधिमंडळाचं सत्र, शाळेचं सत्र हे सगळं चोख बसतं, कारण तिथे माणसं बसतात. सहा महिने बर्फावर स्केट घालून पळणाऱ्या माणसांच्या कामाला बैठक म्हणणं हे भाषेच्या शुद्धीचं लक्षण मला वाटत नाही.

राहिला हंगाम. फारसी 'हंगाम' म्हणजे वेळ, काळ. मराठीत येऊन तो शेतात उतरला आणि तिथेच रुजला. खरीप हंगाम, रब्बी हंगाम, उसाचा गळीत हंगाम. हंगामी म्हणजे तेवढ्यापुरता, तोही शेतातल्या आणि कारखान्यातल्या हंगामी माणसांवरूनच. इंग्रजी 'सीझन'ही फ्रेंचमार्गे लॅटिन 'सातिओ'वरून आलेला आहे, आणि सातिओ म्हणजे पेरणी! त्यांचा शब्द पेरणीचा, आपला शब्द खरीप-रब्बीचा. इतकं जुळणारं भाषांतर आयतं मिळत असताना दुसरीकडे का जायचं?

तुमच्या मसुद्यात आणखी एक वाक्य आहे, 'त्या वर्षी हा संघ घरच्या मैदानावर अपराजित राहिला'. दोन दुरुस्त्या. मैदान नव्हे, रिंक, म्हणजे बर्फाचं क्रीडांगण. आणि अपराजित नव्हे. ८० सामन्यांत ६० विजय, ८ पराभव, १२ बरोबरी, एकूण १३२ गुण, असा तो हिशेब आहे. तेव्हा १८ संघ असलेल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये हा गुणांचा विक्रम २०२२-२३ पर्यंत टिकला, तेव्हा बॉस्टनने ८२ सामन्यांत १३५ गुण केले. घरी, मॉन्ट्रियल फोरममध्ये, ४० पैकी ३३ जिंकले, ६ बरोबरीत सुटले आणि १ हरले. तो १ म्हणजे ३० ऑक्टोबर १९७६ चा, बॉस्टनकडून ३-४. १ नोव्हेंबर ते २ एप्रिल या काळातल्या ३४ घरच्या सामन्यांपुरता 'अपराजित' लिहा, तिथे तो शब्द खरा आहे. पूर्ण वर्षासाठी 'अजिंक्य' लिहा हवं तर. अजिंक्य हा दिसायला संस्कृत, पण आपण जिंकणे या मराठी क्रियापदावरून घडवलेला शब्द आहे, संस्कृतात अजेय म्हणतात. अजिंक्यपद मिळवणारा संघ ८ वेळा हरलेला असू शकतो. अपराजित संघ एकदाही नाही.

आता हॅब्स. प्रश्नाचा हा भाग मला फार आवडला.

हॅब्स हे 'हॅबिटंट्स'चं तोकडं रूप. फ्रेंचमध्ये 'आबितां', एच उच्चारत नाहीत. कोशात पाहिलं की 'रहिवासी' मिळतं, आणि तिथेच भाषांतरकार फसतो. सतराव्या शतकात सेंट लॉरेन्स नदीच्या काठी फ्रेंचांची वसाहत वसली, तेव्हा तिथल्या जमिनी सेन्योर म्हणजे जमीनदारांना दिल्या गेल्या आणि त्यांनी त्या नदीकाठापासून आत जाणाऱ्या लांबट, अरुंद पट्ट्यांत कसणाऱ्यांना लावून दिल्या. कसणाऱ्याने वर्षाचा खंड द्यायचा, धान्य सेन्योरच्याच गिरणीत दळायचं आणि दळणाचा चौदावा हिस्सा तिथे ठेवायचा. १८५४ मध्ये कायद्याने ही पद्धत मोडली. या कसणाऱ्यांना फ्रान्समधला शेतकऱ्याचा शब्द, 'पेझां', कमीपणाचा वाटे. ते स्वतःला आबितां म्हणवत. वाटसरू नव्हे, कातड्याच्या व्यापारासाठी येऊन-जाऊन असणारा नव्हे, तर घर बांधून, जमीन मोडून राहिलेला माणूस. तेव्हापासून क्यूबेकमध्ये, म्हणजे मॉन्ट्रियल ज्या प्रांतात आहे तिथे, आबितां म्हणजे शेतकरी.

राहणारा म्हणजे शेतकरी! याला मराठीत शब्द कोणता? कुणबी. नुसता जुळणारा नव्हे, आतून तसाच घडलेला. संस्कृत 'कुटुंबिन्' म्हणजे घरदार असलेला, कुटुंबवाला. जुन्या ताम्रपटांत जमीन दान दिल्याची वर्दी ज्यांना दिली जाते त्या गावकऱ्यांत हे कुटुंबिन् असतात, आणि तिथे त्यांचा अर्थ जमीन कसणारे गृहस्थ असाच होतो. प्राकृतात कुडुंबी, मराठीत कुणबी. घरवाला ते शेतकरी, अर्थाचा हा प्रवास सेंट लॉरेन्सच्या काठी झाला तसाच इथेही.

इथे एक फोड हमखास पुढे केली जाते: 'कुण' म्हणजे लोक आणि 'बी' म्हणजे बियाणं, किंवा कण अधिक बी, म्हणून कुणबी. चांगल्या चांगल्या पुस्तकांतून ती उतरवलेली पाहिली आहे. ती कानाला गोड आहे आणि चूक आहे. कुडुंबी हे मधलं रूप समोर असताना त्याच्याकडे पाठ फिरवून शब्दाचे आजच्या उच्चारावरून तुकडे पाडणं म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. ज्यांनी हे छापलं त्यांनी प्राकृताचा कोश एकदा उघडायला हवा होता.

आणि हा प्रवास दोनच भाषांतला नाही, म्हणून मी इतका आग्रह धरतो आहे. जर्मनमध्ये शेतकऱ्याला 'बाउअर' म्हणतात, डचमध्ये 'बूर', आणि दोन्हींच्या मुळाशी 'राहणे, वस्ती करणे' आहे. उत्तरेकडच्या जुन्या नॉर्स भाषेत 'हूसबोंदी' म्हणजे घर करून राहणारा, घरमालक. तो इंग्रजीत जाऊन 'हजबंड' झाला. 'हजबंड्री' म्हणजे शेती, ती त्याच्यामुळेच. पुढे त्या घरधन्याचा अर्थ आकसून नुसता नवरा उरला. आता आपल्याकडे पाहा. आजोबांच्या पिढीत 'आमचं कुटुंब माहेरी गेलं आहे' म्हणत, म्हणजे बायको माहेरी गेली आहे. इंग्रजीत शेतघराचा शब्द नवऱ्यापाशी येऊन थांबला, मराठीत घराचाच शब्द बायकोपाशी. माझं मत असं की माणूस भटकायचं थांबून एका जागी राहिला तो शेतीसाठीच, आणि ते भाषा अजून विसरलेली नाही. म्हणून जिथे जिथे 'राहणारा' आहे, तिथे थोडं खणलं की नांगर लागतो. रहिवासी या शब्दात आज नांगर नाही, सोसायटीची सूचना आहे. 'रहिवाशांनी गाड्या नीट लावाव्यात.' तो शब्द इथे कसा चालेल?

लेखात प्रत्येक ठिकाणी कुणबी लिहा असं मी म्हणत नाही. आज ते एका समाजाचं नाव आहे, वाचक गोंधळेल. हॅब्सच ठेवा, पण पहिल्यांदा येईल तिथे 'हॅब्स, म्हणजे मूळ अर्थाने कुणबी' एवढं लिहाच.

एक चूक मात्र लेखात येऊ देऊ नका. त्यांच्या बोधचिन्हात सी आणि एच अशी अक्षरं आहेत, आणि एच म्हणजे हॅबिटंट असं अनेक क्रीडापंडित ठामपणे सांगतात. नाही. ते 'क्लब द हॉकी कानादिएँ', एच हॉकीचा. १९०९ मध्ये फ्रेंच भाषकांसाठी संघ निघाला, काही काळ चिन्हात सी आणि ए होतं, ए म्हणजे ॲथलेटिक. १९१७ च्या सुमारास ए जाऊन एच आला. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे क्रीडागृह चालवणारा टेक्स रिकर्ड याने १९२४ मध्ये तो एच हॅबिटंटचा असल्याचं सांगितलं आणि तेव्हापासून नाव चिकटलं, अशी आख्यायिका आहे. नाव सुंदर आहे, ते ठेवावं. पण नावासाठी अक्षराचा अर्थ बदलू नये.

तुमच्या हंगामाचा नायक गी लाफ्लर, त्याचंही नाव मराठीत उलगडून सांगा. लाफ्लर म्हणजे फूल. फ्रेंच सैनिकांना पलटणीत अशी टोपणनावं मिळत, त्यांची कॅनडात आडनावं झाली. आपलं फुले हेही तसंच चिकटलेलं नाव. जोतीरावांच्या घराण्याचं मूळ आडनाव गोऱ्हे, फुलांच्या व्यवसायाने ते फुले झाले. तर या फुल्यांनी त्या वर्षी ५६ गोल केले आणि ८० गोलांना हातभार लावला, १३६ गुण, लीगमध्ये सर्वाधिक. गोल मात्र सर्वाधिक स्टीव्ह शटचे, ६०. संघाचे मिळून ३८७, आणि खाल्ले फक्त १७१, कारण गोलात केन ड्रायडन आणि त्याच्यापुढे रॉबिन्सन, सावार, लापॉइंट हे तिघे बचावपटू. सावार पकसकट (पक म्हणजे या खेळातली रबरी चकती) जागच्या जागी गरकन फिरून समोरच्याला चकवत असे. समालोचक डॅनी गॅलिव्हनने त्यासाठी 'स्पिनोरामा' असा शब्दच पाडला. तुम्ही गिरकी म्हणा. फुगडीतला, लेझमीतला शब्द आहे, त्याहून चांगला मिळणार नाही. प्रशिक्षक स्कॉटी बोमनबद्दल तुम्ही लिहिलंच आहे.

शेवटची सूचना माझी स्वतःची आहे आणि ती तुम्ही घ्यावी अशी मनापासून इच्छा आहे. ८० सामने संपल्यावर चषकासाठी जी बाद फेरी होते तिला 'पोस्ट-सीझन' म्हणतात, आणि आपले लोक त्याचं 'हंगामोत्तर' करतात. हंगामोत्तर म्हणजे हंगाम सरल्यानंतरचा रिकामा वेळ. शेतकऱ्याकडे ऑक्टोबरपासून राबल्यानंतर जो काळ येतो त्याला नाव आहे: सुगी. कानडी 'सुग्गी'वरून आलेला, कापणी-मळणीच्या दिवसांचा शब्द. हॅब्सच्या बाद फेरीला सुगी म्हणा. १९७७ च्या सुगीत त्यांनी सेंट लुईसला मालिकेत ४ सामने विरुद्ध ० असं उडवलं, न्यूयॉर्क आयलँडर्सशी ४-२ अशी झुंज झाली, आणि अंतिम फेरीत गाठ पडली ती बॉस्टनशीच, ज्यांनी ऑक्टोबरात घरी येऊन हरवलं होतं. १४ मे १९७७, बॉस्टनमध्ये चौथा सामना, १-१ अशी बरोबरी, जादा वेळ. ४ मिनिटं ३२ सेकंदांवर लाफ्लरने पक दिला आणि जॅक लमेरने तो आत घातला. १४ सामन्यांत १२ विजय, मालिका ४-०, स्टॅन्ले चषक घरात आणि धान्य खळ्यातून कणगीत.