आधी वासराला चीक, मग खरवस

प्रश्न : आमच्याकडे १२ संकरित गाई आहेत. बरीच वासरं पहिल्या महिन्यातच हगवणीने दगावतात. जार (वार) पडल्यावरच चीक पाजायची आमच्याकडे रीत आहे. संगोपनाचे काही ठरलेले निकष असतात का? प्रशिक्षण कुठे मिळेल?
– एक वाचक, ता. जुन्नर, जि. पुणे

उत्तर : निकष आहेत. कालवडीचं जन्मवजन ६० दिवसांत दुप्पट व्हावं आणि तोवर १००मागे ३ पेक्षा जास्त दगावू नयेत. अमेरिकेतले मोठे गोठे हेच लक्ष्य धरतात. पण तुमचं दुखणं त्याच्या फार आधीचं दिसतंय.

जारेची वाट कशाला बघता? वासरू जन्मतं तेव्हा त्याच्याकडे स्वतःची प्रतिकारशक्ती जवळजवळ नसते. ती चिकातून मिळते, आणि ती शोषून घ्यायची आतड्याची ताकद तासागणिक घटत २४ तासांत संपते. जार पडायला सहा-आठ तास सहज जातात. ३० किलोच्या वासराला पहिल्या २ तासांत ३ लिटर चीक गेलाच पाहिजे, कोमट आणि निपलच्या बाटलीने. शेजारपाजारच्या खरवसाचं नंतर बघू!

चीक दाट दिसला म्हणजे कसदार, असं नाही. तुमच्या भागात द्राक्षबागायतदारांकडे गोडी मोजायचा ब्रिक्स मीटर असतो. त्याच्या काचेवर चिकाचे दोन थेंब टाका. आकडा २२ किंवा वर आला तर उत्तम. कमी आला तर जास्त पाजा, किंवा दुसऱ्या निरोगी गाईचा फ्रीजरमध्ये साठवून ठेवलेला चांगला चीक द्या. तो गरम पाण्यात बाटली ठेवून वितळवायचा, गॅसवर ठेवला की फाटलाच.

आता बाटलीचं निपल उलटं करून आतून बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर हगवणीचं एक कारण सापडलं. नाळ ७ टक्के टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवायची, नुसती हळद लावून भागत नाही. कालवडींना ४ ते ८ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची (गाभ टाकायला लावणाऱ्या सांसर्गिक रोगाची) लस एकदाच द्यायची, ती डॉक्टरांकडूनच.

प्रशिक्षणासाठी नारायणगाव किंवा बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. मात्र पाठवायचं कोणाला, हे आधी ठरवा. बहुतेक ठिकाणी मालक जातो, प्रमाणपत्र भिंतीला लावतो, आणि रात्री दोनला गाय व्याली की गोठ्यात असतो गडी, नाहीतर घरातली बाई. वासराला जो पाजतो त्यालाच पाठवा. गड्याला पाठवलंत तर त्या दिवसाची हजेरी कापू नका.