चरबी कमी, तरीही मऊ: घरचं कार्ने देसेब्रादा

मेक्सिकन पद्धतीचं, रेषे सुटणारं बीफ कमी चरबीत करायचं म्हणून तुम्ही राउंडचा, म्हणजे मागच्या मांडीचा तुकडा आणलात आणि तो तासन्‌तास शिजवूनही चोथट लागला, असं लिहिलंय. तुमच्या शिजवण्यात काही कमी नव्हतं, तो तुकडाच या पदार्थाचा नव्हे. राउंडमध्ये चरबी कमी असते, तसे स्नायूंना बांधणारे चिवट पडदेही फारसे नसतात. मंद आचेवर त्या पडद्यांचं जिलेटिन होतं, तेव्हा कुठे मांस मऊ आणि ओलसर लागतं. म्हणून शँक, म्हणजे पायाचं मांस घ्या. त्यात चरबी बेताची आणि पडदे भरपूर. चक, म्हणजे खांद्याचं मांसही चालेल, फक्त वरची पांढरी चरबी सुरीने काढून टाका. मेक्सिकोच्या उत्तरेकडे बार्बाकोआ या मंद शिजवलेल्या मांसाच्या पदार्थाला गाईचं डोकं आणि गाल वापरतात. चव अप्रतिम, पण तुम्हाला हवं ते हे नाही.

तुकडे धाग्यांना आडवे, चार बोटं रुंद कापा, म्हणजे पिंजल्यावर रेषे लांबलचक राहत नाहीत.

मीठ वाढतं ते डब्यातल्या चिपोत्लेमुळे (धुरावलेल्या मिरच्या) आणि रश्श्याच्या तयार पुडीमुळे. दोन्ही वगळा. किलोभर मांसाला 4 ग्वाहियो आणि 2 आंचो या सुक्या मिरच्या बिया काढून तव्यावर काही सेकंदच भाजा. वास सुटला की लगेच उतरवा, काळ्या पडल्या तर सगळा रस्सा कडू होतो. 20 मिनिटं गरम पाण्यात भिजवून, भाजलेले 2 टोमॅटो, लसूण, 2 लवंगा, अर्धा चमचा जिरे, मेक्सिकन ओरेगानो आणि चमचाभर व्हिनेगर घालून वाटा आणि गाळून घ्या. भारतात करणार असाल तर ग्वाहियोच्या रंगाच्या जवळ जाते ती ब्याडगी. आंचोचा गोडवा मात्र तिच्यात नाही, तेव्हा वाटणात चार मनुका टाका.

मांस, वाटण, चमचाभर मीठ आणि मांस अर्धं बुडेल इतकं पाणी. झाकण घट्ट लावून ओव्हनमध्ये 150 अंश सेल्सिअसवर साधारण तीन तास, प्रेशर कुकरमध्ये तासभर. काटा खुपसून फिरवला की रेषे आपोआप सुटायला हवेत. सुटत नसतील तर आणखी शिजवा; घट्ट लागलं म्हणून घाबरून आच बंद करणं हीच इथली नेहमीची गफलत.

आता खरी चरबी काढायची. मांस कोमट असतानाच पिंजून ठेवा. रस्सा पसरट भांड्यात ओतून मांसाबरोबरच दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर केशरी चरबीची पापडी आलेली असते, ती अख्खी उचलता येते. खाली रस्सा जेलीसारखा थरथरत असेल तर समजा पडदे नीट विरघळलेत. पापडीतली चमचाभर चरबी मात्र परत रश्श्यात घाला, कारण मिरचीचा रंग आणि स्वाद तिच्यातच उतरलेला असतो. सगळी फेकलीत तर पदार्थ मिळमिळीत होईल. रस्सा निम्मा आटवून त्यात मांस गरम करा.

सोबत मक्याच्या टॉर्टिया, बारीक कांदा, कोथिंबीर, लिंबू आणि साधे उकडलेले काळे घेवडे. चीज आणि सावर क्रीम घातलंत तर काढलेली चरबी ताटात परत येईल. उरलेलं मांस रश्श्यात बुडवूनच फ्रीझ करा. कोरडं ठेवलं तर गरम करताना पुन्हा चोथट होतं.