वाचकांचे प्रश्न: सिटीच्या इन्क्लूजन कमिशनवर जावं का?

यावेळी एकाच विषयाभोवती बरेच प्रश्न आलेत म्हणून ते एकत्रच घेतेय. पत्रं जवळपास सगळी कॅलिफोर्नियातली आहेत, त्यामुळे नियम सांगतेय तेही तिथलेच. दुसऱ्या स्टेटमध्ये राहणाऱ्यांनी आपापल्या सिटी क्लार्कला (सिटीची कागदपत्रं सांभाळणारे अधिकारी) एक फोन करून खात्री करून घ्या, तो फोन कोणीही करू शकतं.

प्रश्न: आमच्या सिटीत एक व्हॉलंटिअर कमिशन आहे, सगळ्या प्रकारच्या लोकांना गावात सामावून घेणं आणि शेजारपाजार एकमेकांशी जोडणं असं त्यांचं काम. शेजारीण मागे लागलीये की अर्ज कर. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, सिटिझनशिप नाही. नवरा म्हणतो त्या कमिशनला काडीचा अधिकार नसतो, उगाच महिन्याची एक संध्याकाळ फुकट जाणार. काय करू?

ताई, आधी ग्रीन कार्डचं बोलू. 2019 मध्ये कॅलिफोर्नियाने एसबी 225 नावाचा कायदा केला, त्यामुळे 18 वर्षं पूर्ण असलेली आणि राज्यात राहणारी व्यक्ती नेमणुकीच्या पदावर जाऊ शकते, सिटिझनशिप किंवा इमिग्रेशन स्टेटस आड येत नाही. तरी आपल्या सिटीचा फॉर्म नीट वाचा, कारण काही फॉर्मवर ‘रजिस्टर्ड व्होटर आहात का’ असा रकाना असतो. तिथे सरळ ‘नाही’ लिहा, आणि हे मी मुद्दाम सांगतेय, अर्ज पुढे सरकावा म्हणून कोणी म्हणालं तरी मतदार नोंदणी करायला जाऊ नका. सिटिझन नसताना सिटिझन असल्याचं लिहून देणं पुढे इमिग्रेशनमध्ये इतकं महागात पडतं की मग वकीलही हात टेकतात. एच-वन-बी वर्क व्हिसावर असलेल्या वाचकांनी एवढंच बघावं की त्या पदाला स्टायपेंड आहे का, असला तर हो म्हणायच्या आधी वकिलाला विचारा.

आता नवरोबांचं म्हणणं. अर्धं बरोबर आहे. ही कमिशनं सल्लागार असतात, निर्णय सिटी कौन्सिलचा. आणि ते मुळापासूनच तसं आहे. 1943 च्या जूनमध्ये डेट्रॉइटला वांशिक दंगल झाली, 34 माणसं गेली, त्याच महिन्यात लॉस एंजेलिसमध्येही झूट सूट दंगली (ढगळ ‘झूट सूट’ घालणाऱ्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांवर सैनिकांचे हल्ले) झाल्या, आणि त्यानंतर शहरांनी धडाधड अशा समित्या नेमायला सुरुवात केली. शिकागोच्या मेयरने त्याच वर्षी नेमली, लॉस एंजेलिस काउंटीने 1944 मध्ये. आजच्या ह्युमन रिलेशन्स कमिशनांचे हे पूर्वज. कोणाला शिक्षा करायचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता, भांडण पेटायच्या आधी कुठे काय खदखदतंय ते कळावं आणि वरपर्यंत पोचवावं एवढंच काम. 1964 च्या सिव्हिल राइट्स अॅक्टमधून केंद्राने कम्युनिटी रिलेशन्स सर्व्हिस काढली, तीही मध्यस्थी करणारीच, दंडुका तिच्याही हातात नव्हता.

धोरणतज्ज्ञ शेरी आर्नस्टाइन यांनी 1969 मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती, त्यात लोकांचं मत नुसतं विचारून घेणं ही खालून चौथी पायरी, आणि तिला त्यांनी स्वच्छ शब्दांत दिखाऊपणाच्या गटात टाकलंय. म्हणजे नवरोबांच्या बाजूने चांगला साक्षीदार आहे.

पण माझं मत असं की अधिकार नाही म्हणून काम नाही असं होत नाही, फक्त ते काम वेगळ्या हुशारीने करावं लागतं. ‘शहराने सर्वांना आपलं मानावं’ असा ठराव कमिशनने केला की कौन्सिलमध्ये सगळे माना डोलावतात, टाळ्या, फोटो, संपलं. त्याऐवजी ‘लायब्ररीसमोरच्या क्रॉसिंगला व्हीलचेअरसाठी कर्ब रॅम्प पब्लिक वर्क्सने पुढच्या बजेटमध्ये घ्यावा’ असं लेखी गेलं तर त्यावर हो किंवा नाही म्हणावंच लागतं, आणि नाही म्हटलं तर ते मिनिट्समध्ये, म्हणजे मीटिंगच्या लेखी नोंदीत, राहतं. खातं कोणतं, पैसा कुठून, कधीपर्यंत, हे तीन ज्या शिफारशीत नाहीत ती शिफारस म्हणजे निव्वळ सदिच्छा.

म्हणून अर्ज करायच्या आधी त्या कमिशनची मागच्या वर्षभराची मिनिट्स वाचा, वेबसाइटवर असतात. त्यातलं किती कौन्सिलच्या अजेंड्यावर गेलं ते बघा. एखादी मीटिंग मागच्या खुर्चीत बसून ऐका. सगळा वेळ पोस्टरचा रंग कुठला यातच जात असेल तर नवरा जिंकला असं समजा, नाहीतर अर्ज टाका. कोणाची टर्म कधी संपतेय याची यादी प्रत्येक सिटीला दरवर्षी 31 डिसेंबरपर्यंत जाहीर करावी लागते, मॅडी अॅक्टखाली, ती क्लार्ककडे मागा.

प्रश्न: नुकताच कमिशनर झालो. आम्हा सात जणांचा व्हॉट्सॅप ग्रुप काढला तर स्टाफ लिएझॉन बाई (सिटीच्या वतीने कमिशनचं काम बघणाऱ्या) एकदम घाबरल्याच, म्हणाल्या ताबडतोब बंद करा. आम्ही काय कट करतोय का?

नाही हो, पण बाई बरोबर बोलल्या, त्यांना बोल लावू नका. कॅलिफोर्नियाचा 1953 चा ब्राउन अॅक्ट आहे, मीटिंग लोकांसमोर उघड्यावर व्हावी म्हणून. कमिशनचं बहुमत, म्हणजे सातात चार, कमिशनच्या विषयावर मीटिंगबाहेर चर्चा करू शकत नाही, समोरासमोर नाही आणि फोन, ईमेल, व्हॉट्सॅपवरही नाही. तुम्ही एकाला सांगितलं, त्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, असं साखळीने झालं तरी नियम मोडतोच. फेसबुकसारख्या सार्वजनिक ठिकाणी तर 2021 पासून नियम आणखी बारीक आहे, दुसऱ्या कमिशनरने कमिशनच्या विषयावर पोस्ट टाकली तर तुम्ही त्यावर उत्तर द्यायचं नाही, अंगठासुद्धा दाखवायचा नाही. ऐकायला वेडगळ वाटतं, पण कारण साधं आहे, लोकांनी मीटिंगला यायचं आणि सगळं आधीच आपसात ठरलेलं, मग ते येतील कशाला. वाढदिवसाच्या शुभेच्छा खुशाल द्या. बाकी विषय स्टाफकडे द्या, रेग्युलर मीटिंगचा अजेंडा 72 तास आधी लागतो, तेव्हा सुचलं तसं ताबडतोब पाठवायची सवय लावा, आदल्या रात्री आठवून उपयोग नाही.

प्रश्न: आम्ही खूप मनापासून कार्यक्रम करतो, पण दरवेळी तेच तेच चेहरे. ज्यांच्यासाठी करतो ते येतच नाहीत. लोकांना रसच नाही का?

रस नसतो असं मला वाटत नाही. तुमची मीटिंग आणि कार्यक्रम कधी असतात? संध्याकाळी सात वाजता सिटी हॉलमध्ये असेल तर शिफ्टमध्ये काम करणारा, लहान मूल असलेली एकटी आई, रात्री गाडी न चालवणारे आजोबा हे सगळे तुम्ही दारातच बाद केले. भाड्याने राहणारे लोक कमिशनवर किती आहेत तेही बघा, बहुतेक ठिकाणी घरमालकांचाच भरणा दिसतो. त्यापेक्षा एखादी मीटिंग अपार्टमेंट कॉम्प्लेक्सच्या कम्युनिटी रूममध्ये घ्या, मात्र नोटीस आणि अजेंडा नियमाप्रमाणेच. इंग्रजी न येणाऱ्यांना सांगा की अनुवादक घेऊन बोललात तर पब्लिक कॉमेंटला किमान दुप्पट वेळ मिळतो (एकाच वेळी भाषांतर ऐकवणारी यंत्रणा सिटीने लावली असेल तर गोष्ट वेगळी), हा कायद्याने दिलेला हक्क आहे आणि तो कित्येक कमिशनरांनाही माहीत नसतो. परगावचा पाहुणाही मीटिंगला बसू शकतो, आत येण्यासाठी नाव लिहायची सक्ती करता येत नाही.

दुसरं म्हणजे कार्यक्रमाचा प्रकार. स्टेजवर एक समाज सादर करतोय आणि खाली बाकीचे बघतायत, हे छानच दिसतं पण बघणारा बघून घरी जातो. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्येच मांडलं होतं की नुसतं जवळ आल्याने पूर्वग्रह जात नाहीत, तिथे दर्जा बरोबरीचा हवा, उद्देश एक हवा, काम मिळून करायचं हवं आणि वरच्यांचा पाठिंबा हवा. नंतर पेटिग्रू आणि ट्रॉप या संशोधकांनी पाचशेहून जास्त अभ्यास एकत्र तपासून 2006 मध्ये दाखवलं की एकमेकांशी संपर्क आल्याने पूर्वग्रह साधारणपणे कमी होतात, आणि या चार अटी असल्या तर जास्तच. म्हणजे मिळून नाला साफ करा, उन्हाळ्यात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची वाटून विचारपूस करा, शेजारी शेजाऱ्याला दुरुस्ती शिकवेल असा दिवस ठेवा. ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी बऱ्याच ठिकाणी नॅशनल नाइट आउट असते, 1984 पासून चाललीये, त्या दिवशी रस्ता बंद करून लोक बाहेर बसतात. पण ब्लॉक पार्टीच्या परमिटचा फॉर्म लांबलचक आणि वर इन्शुरन्सची अट असेल तर उत्साही माणूसही गप्प बसतो. मग कमिशनने तो फॉर्म एका पानाचा करा अशी शिफारस करावी, माझ्या मते त्यातून पाच कार्यक्रमांपेक्षा जास्त शेजारी बाहेर येतील.

प्रश्न: फोनवर अपार्टमेंट आहे म्हणाले, आम्ही समोर गेल्यावर लगेच ‘गेलं’. नंतर जाहिरात तशीच चालू. कमिशनकडे तक्रार करू?

कमिशनला सांगा जरूर, त्यांना पॅटर्न कळतो, पण तक्रार म्हणून तिथे थांबू नका कारण ते घरमालकाला काही करू शकत नाहीत. 1968 च्या फेअर हाउसिंग अॅक्टखाली वंश, रंग, धर्म, मूळ देश या कारणांवरून घर नाकारणं बेकायदा आहे, पुढे त्यात स्त्री-पुरुष भेद, अपंगत्व आणि मुलं असलेलं कुटुंब हेही आलं. तक्रार केंद्राच्या हाउसिंग खात्याकडे, म्हणजे ‘हड’कडे (HUD), घटनेपासून एका वर्षाच्या आत, किंवा कॅलिफोर्नियाच्या सिव्हिल राइट्स डिपार्टमेंटकडे. फी नाही, वकील लागत नाही. चालू असलेल्या जाहिरातीचा तारखेसकट स्क्रीनशॉट आजच काढा, फोन कधी केला ते कॉल लॉगमधून उतरवून ठेवा, आणि यापुढे त्या मॅनेजरशी जे काय बोलायचं ते टेक्स्टवर किंवा ईमेलवर.