पूर्वी माणसं एकमेकांना धरून राहायची, असं जुने लोक म्हणतात. ते खरं आहे का?

खरं आहे, पण अर्धंच. मी लालबागच्या चाळीत वाढलो, वडील कापड गिरणीत साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात होते. तेव्हा गिरणगावापुरतंच बोलतो. खेड्यातलं ज्यानं पाहिलंय त्यानं सांगावं.

दारं उघडी असायची, हे आमच्या पिढीचे लोक फार कौतुकानं सांगतात. दहा बाय बाराची खोली, आत आठ-दहा माणसं, त्यातलं कोणीतरी रातपाळी करून दिवसा झोपलेलं. दार लावून जीव गुदमरला असता. मजल्याला नळ एक, त्यामुळे शेजाऱ्याशी वैर परवडायचं नाही (भांडण मात्र रोज व्हायचं). बिऱ्हाड गावी ठेवून आलेले गडी खानावळीत जेवायचे. खानावळ म्हणजे एखाद्या बाईनं आपल्याच चुलीवर केलेला वीसेक जणांचा स्वयंपाक, तोही वाण्याच्या उधारीवर आणि सावकाराच्या व्याजावर. तिला सगळे मावशी म्हणत, आणि पगाराला तिचेच पैसे थकवत. या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांना १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढावं लागलं. चाळीच्या मायेत ते भागलं नव्हतं.

आणि धरून कोणाला ठेवायचं, तेही ठरलेलं होतं. वडील कामाला लागले ते जॉबर, म्हणजे कामगार भरणारा मुकादम, आमच्या गावचा होता म्हणून. त्याच्या आधीच्या काळात तर साळखात्यात, जिथे पगार बरा, तिथे दलितांना घेतच नसत. मागावरची सुताची कांडी बदलली की धोट्यातला (आडवा धागा नेतो त्यातला) धागा तोंडानं ओढावा लागे, त्याचा विटाळ! १९२८ च्या गिरणी संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता. म्हणजे ज्या ओळखीनं आम्हाला आत घेतलं, तिनंच दुसऱ्याला बाहेर ठेवलं. हे आमच्या आठवणींत सहसा येत नाही.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. सुरुवातीला गावाकडून तांदूळ आले, वाण्यानं उधारी वाढवली. पण मजल्यावरच्या सगळ्यांचाच पगार एका दिवशी थांबलेला, कोण कोणाला देणार? हळूहळू भांडी विकली गेली, बायका धुण्याभांड्याला लागल्या, बरेच जण गावी गेले ते परतलेच नाहीत. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि टॉवर आले.

आता मुलाकडे राहतो, दार बंद असतं. त्याचं मला वाईट वाटत नाही. दुपारची झोप मिळते. खटकतं ते वेगळंच. भाड्यानं घर द्यायच्या आधी आडनाव विचारतात, मटण-मासे खाता का विचारतात. तो जॉबर आणि हे घरमालक यांत मला फारसा फरक दिसत नाही. तुम्ही कधी घर शोधलं असेल, तर हा प्रश्न तुम्हालाही आला असेल.