इराणी हॉटेलातल्या गोल पाठीच्या काळपट लाकडी खुर्च्या कुठल्या शैलीच्या? जुन्या बाजारात घेताना अस्सल कशी ओळखायची?

या शैलीला बेंटवुड म्हणतात, म्हणजे वाकवलेलं लाकूड. मूळ व्हिएन्नाचं. मायकेल थोनेट या कारागिराने बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या दांड्या वाफेवर मऊ करून लोखंडी साच्यात वाकवायचं तंत्र बसवलं आणि १८५९ मध्ये त्याची १४ नंबरची खुर्ची आली. लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट, बस्स! सुटे भाग केले की एक घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावत, म्हणून ती बोटीने जगभर गेली. १८६९ मध्ये पेटंट संपलं आणि कोन (Kohn) वगैरे कंपन्यांनीही तशाच खुर्च्या काढल्या. त्यामुळे मुंबई-पुण्यात दिसणारी प्रत्येक खुर्ची थोनेटची नसते, दुकानदार काहीही सांगो.

घेताना खुर्ची आधी उलटी करा. बैठकीच्या कड्याच्या आतल्या बाजूला शिक्का किंवा कागदी लेबल असू शकतं. नसेल तर मागचे पाय बघा: दोन्ही पाय आणि पाठीची कमान मिळून एकच अखंड दांडी असायला हवी. लाकडाच्या रेषाही वळणाबरोबर वळलेल्या दिसतात. फळीतून कापून काढलेल्या नकलेत त्या वळणावर तुटतात. बैठकीचं वेत फाटलं असेल तर घाबरू नका, ते पुन्हा विणून मिळतं. दांडीला तडा असेल तर मात्र मी सोडून देईन. आणि दुकानदार म्हणेल तरी पॉलिश घासून काढू नका, जुनेपणाची अर्धी किंमत त्यातच असते.