जुन्या डर्ट बाईकचा कार्ब्युरेटर: सुरुवात कुठून करावी

स्क्रूला हात लावण्याआधी एअर फिल्टर धुऊन घ्या आणि पायलट जेटच्या (कमी थ्रॉटलवर पेट्रोल पुरवणाऱ्या छोट्या जेटच्या) बारीक छिद्रातून उजेड आरपार दिसतो का ते पाहा, कारण तुंबलेल्या जेटवर केलेले ट्यूनिंग कधीच टिकत नाही. मिश्रणाचा (हवा-पेट्रोलचे प्रमाण ठरवणारा) स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घ्या (जोर लावल्यास त्याचे टोक खराब होते), मग १.५ फेरे बाहेर काढा. इंजिन पूर्ण तापल्यावर तो पाव-पाव फेरा फिरवत, प्रत्येक वेळी इंजिनला स्थिरावू देत, आयडलिंग (थ्रॉटल न देता इंजिनचा वेग) सर्वांत जास्त आणि एकसारखे चढेल ती जागा शोधा व नंतर आयडल स्क्रूने वेग खाली आणा. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो आत घेतल्याने मिश्रण रिच (जास्त पेट्रोलचे) होते; इंजिनच्या बाजूला असेल तर नेमके उलटे घडते. ही जागा १ फेऱ्याच्या आत किंवा २.५ फेऱ्यांच्या पुढे सापडली, तर स्क्रूशी झटापट न करता पायलट जेटचा नंबर बदला. मधल्या थ्रॉटलला गाडी अडखळत असेल तर नीडलची (थ्रॉटलबरोबर वर-खाली होणाऱ्या सुईची) क्लिप तपासा. पूर्ण थ्रॉटलचे काम मेन जेटचे. टू-स्ट्रोक गाडीत मात्र मेन जेटच्या मोठ्या नंबरापासूनच (जास्त पेट्रोल देणाऱ्या) खाली या, कारण लीन (कमी पेट्रोलच्या) मिश्रणावर भरवेगात पिस्टन जाम होऊ शकतो.